पिकअप-टेम्पो पहिल्यांदा पासिंगला नेताय? इन्स्पेक्टर काय बघतात ते आधी घरीच बघून घ्या

नवीन मालवाहू गाडी घेतली की पहिली दोन वर्षं हप्ते, भाडी आणि डिझेल यातच जातात, फिटनेसची तारीख कुणाच्या डोक्यात नसते, आणि मग कधीतरी नाक्यावर गाडी थांबवून विचारतात तेव्हा धावपळ सुरू होते. कुणीतरी सांगतं एजंटला दे, कुणी म्हणतं कलर मार, कुणी म्हणतं काही नसतं तिथं, नुसतं जाऊन यायचं. यातलं एकही ऐकू नका. मी भाजीपाल्याची पिकअप चालवतो, दरवेळी गाडी स्वतः घेऊन जातो, आणि आमच्या भागातली नवीन पोरं पासिंगच्या आधी विचारायला येतात त्यांना जे सांगतो तेच इथं सविस्तर लिहितोय. मुख्य गोष्ट एवढीच की इन्स्पेक्टर साहेब जे बघतात त्यातलं जवळजवळ सगळं तुम्हाला घरच्या अंगणात एका संध्याकाळी बघता येतं, त्यासाठी लागतो एक मदतनीस, एक टॉर्च आणि गाडीखाली झोपायला एक पोतं.

लिहिलंय ते मुख्यतः छोटा हत्ती, पिकअप, टेम्पो अशा गाड्यांसाठी आहे. रिक्षा, टुरिस्ट टॅक्सीवाल्यांनाही यातलं बहुतेक लागू होतं, घरच्या कारचं शेवटी वेगळं सांगितलंय.

१. आधी तारीख बघा

पासिंग म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ खाली. ते नसेल तर तुमची आरसी कितीही चकचकीत असली तरी कायद्याने गाडी नोंदणी नसल्यासारखीच धरतात. २०१८ च्या शेवटी नियम बदलला तेव्हापासून असं आहे की नवीन गाडीला पहिली दोन वर्षं, मग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग. जुनी गाडी सेकंडहँड घेतली असेल तर हे आधी मोजा, कारण बरेच जण दोन वर्षं धरून चालतात आणि गाडी निघते नऊ वर्षांची.

मुदत संपल्यावर गेलात तर केंद्राच्या नियमात दिवसाला ५० रुपये जादा फी लिहिलेली आहे, २०२४ साली रिक्षा-टॅक्सी संघटनांनी याच्यावरूनच राज्यात आंदोलन केलं होतं. तुमच्या गाडीला नेमकं किती लागतंय ते पोर्टलवर अर्ज भरताना दिसतं. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट अपघाताची आहे, फिटनेस संपलेल्या गाडीचा अपघात झाला की विमा कंपनी तेच कारण पुढे करते आणि क्लेम वर्षानुवर्षं लटकतो. म्हणून मुदतीच्या महिनाभर आधी कामाला लागा, म्हणजे काही दुरुस्ती निघाली तरी वेळ हातात राहतो.

२. कागद एका फाईलीत

- आरसी, म्हणजे स्मार्ट कार्ड असेल ते
- आधीचं फिटनेस सर्टिफिकेट
- चालू विमा
- चालू पीयूसी
- टॅक्स भरल्याची पावती
- परमिट (गाडीचं एकूण वजन ३,००० किलोच्या वर असेल तर मालवाहू गाडीला लागतं, खाली असेल तर नाही)
- स्पीड गव्हर्नर (गाडीचा वेग ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ न देणारं यंत्र) लागू असेल तर त्याचं सर्टिफिकेट
- रिफ्लेक्टर टेपचं सर्टिफिकेट
- सीएनजी गाडी असेल तर सिलेंडरच्या टेस्टचं सर्टिफिकेट, ही टेस्ट दर ३ वर्षांनी करावी लागते
- अर्जाची आणि फीची पावती, स्लॉटची प्रिंट
- काही ठिकाणी व्यवसाय कराची पावती पण मागतात, असेल तर ठेवून द्या

मालकाचं आधार आणि चालवणाऱ्याचं लायसन तर पाहिजेच. आणि एक बघा, विमा आणि पीयूसी नुसते चालू असून भागत नाही, पोर्टलवर पण ते चढलेले दिसले पाहिजेत. एजंटकडून घेतलेल्या विम्यात गाडी नंबर किंवा चेसिस नंबरचा एक आकडा चुकलेला असतो आणि तो नेमका पासिंगच्या दिवशी सापडतो. घरी बसून आरसी आणि पॉलिसी शेजारी ठेवा आणि आकडा आकडा बोट ठेवून वाचा.

३. ऑनलाईन अर्ज, फी आणि स्लॉट

परिवहनच्या पोर्टलवर गाडी नंबर टाकून महाराष्ट्र निवडायचं, आपलं आरटीओ निवडायचं आणि फिटनेस रिन्यूअलचा अर्ज भरायचा, ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाईलवर येतो. इथंच पहिली अडचण येते, कारण सेकंडहँड गाडी असली की मोबाईल नंबर जुन्या मालकाचा किंवा शोरूमच्या पोराचा असतो, तो आधी बदलून घ्या. दुसरी अडचण चलनांची. कॅमेऱ्याने मारलेली ई-चलनं भरली नसतील किंवा गाडीवर कसला शेरा असेल तर अर्ज पुढेच सरकत नाही, म्हणून चलनं आधी तपासा.

फी गाडीच्या प्रकारावर आणि वयावर ठरते, १५ वर्षांच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०२२ पासून ती बरीच वाढलेली आहे. फी ऑनलाईन भरा आणि पावती काढा. एजंटची मदत घेतली तरी हरकत नाही, फॉर्म भरायला वेळ नसतो सगळ्यांना, पण सरकारी पावती स्वतः बघा आणि ‘साहेबांचे वेगळे’ म्हणून कुणी रोख मागितले तर देऊ नका. गाडी नीट असेल तर त्या पैशाची गरजच पडत नाही.

४. गाडी धुवा, पण चेसिस नंबर विसरू नका

इन्स्पेक्टर गाडीजवळ आले की बहुतेक वेळा पहिलं काम चेसिस नंबर आरसीशी जुळवण्याचं. पिकअप-टेम्पोला तो बहुधा उजव्या बाजूच्या चेसिस पट्टीवर ठोकलेला असतो, गाडीप्रमाणे जागा बदलते, मॅन्युअलमध्ये बघून घ्या. दोन पावसाळे झालेत, वर चिखल, ग्रीस आणि गंजाचा थर बसलेला असतो आणि तिथं रांगेत उभं राहून नंबर शोधायची वेळ येते, मागच्या गाड्या हॉर्न मारत असतात.

आदल्या दिवशी कापड थोड्या डिझेलमध्ये भिजवून त्या जागेवर दहा मिनिटं ठेवा, मग नायलॉनच्या ब्रशने हलक्या हाताने घासा, पुसा, आणि वर पातळ ग्रीसचं बोट फिरवा. ग्राइंडर, पॉलिशपेपर, लोखंडी ब्रश यातलं काहीही लावायचं नाही. घासल्याच्या रेघा दिसल्या की नंबरशी छेडछाड केली असा संशय येतो, आणि मग साधी गाडी पास करायची तर सोडाच, खुलासे देत बसावं लागतं. कलरवाल्यालाही बजावून ठेवा, चेसिस काळी मारताना तो नंबरवरून पण ब्रश ओढतो. बऱ्याच ठिकाणी चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतात, कागद ठेवून वरून पेन्सिल घासून, तो घरीच एकदा घेऊन बघा, सगळे आकडे उमटले म्हणजे जागा स्वच्छ झाली.

बाकी गाडी धुताना वरून कमी आणि खालून जास्त धुवा. खाली चिखल असला की गळती दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे लपली असं समजू नका, उलट साहेब टॉर्च मारून जास्त वेळ बघतात.

५. लाईट: अंधार पडल्यावर तपासा

दिवसा गाडीभोवती फिरून लाईट कळत नाही. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, एकाला मागे उभं करा आणि एकेक चालू करा: हेडलाईट वर-खाली, पार्किंग, चारही इंडिकेटर, हॅझर्ड, ब्रेक लाईट, रिव्हर्स, आणि मागच्या नंबर प्लेटचा बारका बल्ब. हा शेवटचा कुणी बघत नाही आणि हमखास गेलेला असतो.

भिंतीवर दोन्ही हेडलाईटचे झोत साधारण एकाच उंचीवर पडले पाहिजेत. एक आकाशात आणि एक डाव्या गटारात असेल तर बल्ब नीट बसलेला नाही किंवा रिफ्लेक्टरचा कान तुटलाय. साधा ६०/५५ वॅटचा बल्ब असू द्या, बरेच जण ९०/१०० चा टाकतात किंवा पांढरे एलईडी बसवतात, समोरच्याच्या डोळ्यात जातं आणि तपासणीत झोत जुळत नाही. छतावरचे, बंपरवरचे जादा फोकस लाईट काढूनच जा.

इंडिकेटरचं नियमात लिहिलंय की मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. एका बाजूचा फार भराभर मारत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय असं समजा. आणि ब्रेक दाबल्यावर जर इंडिकेटर पण मंद पेटत असेल, किंवा इंडिकेटर दिला की पार्किंग लुकलुकत असेल, तर बल्ब बदलत बसू नका, मागच्या लाईटची अर्थिंग गेलीय. बोल्ट काढून गंज घासून परत घट्ट केला की शून्य रुपयात काम होतं, इलेक्ट्रिशियन याचेच वायरिंग बदलायचे पैसे घेतो.

६. टायर

नियमाप्रमाणे चारचाकीला नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर, दुचाकी-तीनचाकीला ०.८ मिलिमीटर. टायरच्या खाचेत बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. आतल्या बाजूची नक्षी बघायला विसरू नका, अलाइनमेंट गेलेल्या गाडीचा टायर बाहेरून चांगला आणि आतून तारा दिसेपर्यंत गेलेला असतो. पुढच्या चाकांना रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवीन नक्षी चढवलेला टायर नको, साहेब काय म्हणतील ते सोडा, भरल्या गाडीचा पुढचा टायर फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही. स्टेपनी पण हवा भरलेली आणि चालण्यासारखी पाहिजे, सोबत जॅक, पाना, टॉमी.

पासिंगपुरते मित्राचे टायर लावून जायचे आणि संध्याकाळी परत द्यायचे, ही पद्धत सगळीकडे चालते. मला ती अजिबात पटत नाही. पास गाडी झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन वर्षं तुम्ही त्याच गुळगुळीत टायरवर घाटात उतरणार, मागे दीड टन माल, शेजारी हमाल पोरगा बसलेला. टायरला पैसे नसतील तर दोन आत्ता आणि दोन तीन महिन्यांनी असं करा, पण जे लावून जाल ते गाडीचेच असू द्या.

७. ब्रेक: इथंच सगळ्यात जास्त वेळ द्या

मागे मुंबई उच्च न्यायालयात पुण्यातून एक जनहित याचिका गेली होती, गाड्या नीट न तपासताच फिटनेस मिळतोय म्हणून, आणि न्यायालयाने सांगितलं की २५० मीटरचा ब्रेक टेस्ट ट्रॅक नसेल तिथं पासिंग करायचं नाही. त्यानंतर ठिकठिकाणी ट्रॅक झाले, पुण्याच्या गाड्या म्हणूनच सासवडच्या बाजूला दिवे गावाला जायला लागल्या. त्यामुळे नुसता उभ्या गाडीचा ब्रेक दाबून दाखवण्याचे दिवस गेले, गाडी पळवून ब्रेक मारावा लागतो, आणि साहेब बघतात की गाडी सरळ थांबते का एका बाजूला ओढते.

घरी असं तपासा. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल, मग दाबून धरूनच इंजिन चालू करा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे, गेलं नाही तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप बघायला लागेल. मग इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरा. हळूहळू खाली बसत चाललं तर मास्टर सिलेंडर आतून सोडतोय किंवा कुठंतरी गळती आहे. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर लाईनमध्ये हवा आहे, ब्लीडिंग करून घ्या, म्हणजे ती हवा काढून टाका, आणि ब्रेक ऑईल चहासारखं काळं झालं असेल तर पूर्ण बदला.

त्यानंतर चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. ड्रमच्या कडेला ओलसर काळं दिसलं तर एकतर व्हील सिलेंडर गळतोय किंवा मागचं हबचं ऑईल सील गेलंय आणि ऑईल लायनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्टीवर, येतंय. असला लायनर साफ करून परत लावायचा नाही, तापला की ऑईल परत बाहेर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. सील बदला, दोन्ही बाजूचे लायनर जोडीने बदला. आणि हे सगळं पासिंगच्या आदल्या रात्री करू नका, नवीन लायनर ड्रमला बसायला गाडी थोडी चालावी लागते, आठ-दहा दिवस आधी करा म्हणजे चालता चालता बसतील.

आता पिकअपवाल्यांसाठी एक खास गोष्ट, जी गॅरेजवाले सहसा सांगत नाहीत. बऱ्याच पिकअपला मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, एलएसपीव्ही म्हणतात, त्याचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. मालाने गाडी खाली बसली की दांडा वर जातो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो, गाडी रिकामी असली की कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरू नये. आपण काय करतो, माल जास्त भरायला मिळावा म्हणून पाट्यात, म्हणजे मागच्या पात्यांच्या स्प्रिंगमध्ये, एक-दोन पाती जादा घालतो. आता गाडी भरली तरी पाटा वाकत नाही, दांडा हलत नाही, आणि व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. म्हणजे जास्त माल आणि मागचा ब्रेक कमी. काही जणांचा तर दांडा तुटून तारेने बांधलेला असतो. गाडीखाली जा, तो दांडा हाताने हलवून बघा, सुटा असेल, वाकडा असेल तर कंपनीच्या माणसाकडून सेटिंग करून घ्या. जादा पाती काढायची का हे तुम्ही ठरवा, माझं मत काढा असं आहे.

हँडब्रेक चढावर तपासायचा, गिअर न्यूट्रल, पाय सोडलेले. गाडी जागेवर थांबली पाहिजे. केबल ताणून दोन दात उचलून घेतले की बहुतेक वेळा भागतं.

८. स्टेअरिंग आणि खालचा भाग

नियम असा की स्टेअरिंगचं खेळणं ३० अंशापेक्षा जास्त नको. अंश कसे मोजायचे असं पोरं विचारतात, सोपं आहे: चाकं सरळ ठेवा, स्टेअरिंगच्या रिंगवर टेपचा तुकडा लावा, आणि बाहेर एकाला पुढच्या चाकाकडे बघायला सांगून हळूच फिरवा, चाक हललं की थांबा. ४० सेंटीमीटरच्या स्टेअरिंगला रिंगवर साधारण साडेदहा सेंटीमीटर म्हणजे ३० अंश. ही झाली कमाल मर्यादा, चांगल्या गाडीत त्याच्या निम्म्यानेही जास्त खेळ नसतो.

खेळ जास्त असेल तर स्टेअरिंग बॉक्स आवळायच्या आधी टाय रॉड एंड, बॉल जॉइंट किंवा किंगपिन बघा. पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावल्याशिवाय हात घालू नका, आणि चाक वर-खाली धरून हलवा, मग आडवं धरून हलवा. वर-खाली खडखडलं तर बेअरिंग किंवा किंगपिन-बॉल जॉइंट, आडवं खडखडलं तर टाय रॉड. बरोबरीने पाटे बघा, एखादी पाती मोडलीय का, मधला बोल्ट सरकलाय का, यू-बोल्टचे नट ढिले आहेत का. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हाताने फिरवून बघा. इंजिन-गिअरबॉक्स-हौसिंगची गळती: ओलसरपणा चालतो, थेंब पडत असेल तर नाही.

चेसिसला कुठं वेल्डिंग केलेलं असेल किंवा भेग असेल तर ते लपवायचा प्रयत्न करू नका, साहेबांना ते दिसतंच. गाडीची बॉडी मूळ नोंदणीपेक्षा लांब-उंच केली असेल तर तेच, मोजमाप आरसीशी जुळलं पाहिजे. फाळक्याच्या कड्या, साखळ्या, बिजागऱ्या पण बघून घ्या, रस्त्यात फाळका उघडला तर मागच्या दुचाकीवाल्याच्या जिवावर बेततं.

९. धूर, सायलेन्सर, हॉर्न

पीयूसी असली तरी तिथं धूर परत बघू शकतात. डिझेल गाडी काळा धूर टाकत असेल तर आधी एअर फिल्टर, मग नोझल. सायलेन्सरला भोक असेल तर डबा बदला, पट्टी मारून वेल्डिंग केलेलं चार दिवसांत उघडतं. प्रेशर हॉर्न, म्युझिकल हॉर्न काढून घरी ठेवून जायचं असं नाही, काढूनच टाका, नियमात बंदच आहेत.

१०. काच, आरसे, केबिन

पुढच्या काचेला तडा नको, विशेषतः ड्रायव्हरसमोर. काचेतून उजेड यायचं प्रमाण नियमात पुढच्या-मागच्या काचेला किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेला ५० टक्के आहे, काळी फिल्म आणि पडदे काढा. पुढच्या काचेवर वरती देवाचं नाव, गावाचं नाव, शेतकरी राजा असं मोठ्या अक्षरात असतं, त्याने दिसायला अडथळा येत असेल तर काढायला लावतात. दोन्ही बाजूचे आरसे, वायपर पाण्यासकट, सीटबेल्ट, स्पीडोमीटर चालू. पिकअपचे स्पीडोमीटर बंद पडलेले फार असतात आणि वर्षानुवर्षं कुणी लक्ष देत नाही, बहुधा केबल नाहीतर सेन्सर असतो. फर्स्ट एड बॉक्स उघडून बघा, आतल्या औषधाच्या तारखा संपलेल्या असतात. अग्निशामक सिलेंडर लागत असलेल्या गाड्यांना त्याची पण रिफिल तारीख बघतात.

११. नंबर प्लेट, रिफ्लेक्टर, लिहिणं, गव्हर्नर

पिवळी प्लेट काळी अक्षरं, आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ती शोरूमकडूनच येते, त्याआधीच्या गाडीला बसवली नसेल तर आधी ती बसवा. रिफ्लेक्टर टेप पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी, मान्यताप्राप्त कंपनीचीच आणि सर्टिफिकेटसकट. दुकानात स्वस्त चमकी पट्टी मिळते ती लावून गेलात तर परत पाठवतात, शिवाय उसाच्या ट्रॉल्या आणि बंद पडलेल्या ट्रकवर रात्री मागून धडकून किती माणसं जातात हे आपण गावागावात बघतो, त्यामुळे इथं पैसे वाचवू नका.

गाडीच्या बाजूला पेंटरकडून मालकाचं नाव-पत्ता, रिकामं वजन, भरलेलं वजन, टायरची साईज लिहून घ्यायची, आकडे आरसीत आहेत तेच. बुलगार्ड, लोखंडी जाड बंपर काढा.

स्पीड गव्हर्नर मालवाहू गाड्यांना ८० च्या वेगाला बांधलेला लागतो, स्कूल बस आणि ज्वलनशील मालाच्या टँकरला ६०. बऱ्याच जणांनी वायर काढून ठेवलेली असते, ती नुसती जोडून भागत नाही, चालतो का ते बघून सर्टिफिकेट चालू करून घ्या. प्रवासी गाडी असेल तर लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटण, रिक्षा-टॅक्सीला मीटर.

१२. प्रत्यक्ष त्या दिवशी

गाडी रिकामी न्या, सकाळी लवकर पोचा, गाडीत फक्त कागद आणि अवजारं. आता दोन प्रकार आहेत. जिथं स्वयंचलित तपासणी केंद्र सुरू झालंय तिथं मालवाहू-प्रवासी गाड्या त्याच केंद्रात न्यायच्या असा केंद्राचा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून आहे, नाशिकला असं केंद्र बरंच आधीपासून आहे. बाकी ठिकाणी इन्स्पेक्टर ट्रॅकवर तपासतात.

ट्रॅकवर साहेब सांगतील तेवढं करा: लाईट लाव, इंडिकेटर दे, हॉर्न वाजव, पुढे घे, वेग घे, ब्रेक मार. ब्रेक मारताना घाबरून अर्धवट दाबू नका, सीटबेल्ट लावा, स्टेअरिंग दोन्ही हातात सरळ धरा, पूर्ण दाबा. साहेब विचारतील तेव्हा नेमकं उत्तर द्या, मध्येच सफाई देत बसू नका.

केंद्रात गाडी एकेका यंत्रावरून जाते. पुढचं चाक एका सरकत्या पाट्यावरून नेतात त्यात अलाइनमेंट कळतं, मग रोलरवर चाकं ठेवून एकेका चाकाचा ब्रेक किती लागतो ते मोजतात, डाव्या-उजव्यातला फरक लगेच आकड्यात येतो. हेडलाईटचा झोत, धूर, आवाज, स्पीडोमीटर या सगळ्याला वेगळी यंत्रं, आणि खाली पिटमध्ये उभा राहून माणूस स्टेअरिंगचे सांधे बघतो. इथं टायरची हवा सारखी ठेवून जाणं फार महत्त्वाचं, एका चाकात हवा कमी असली तरी ब्रेकचा आणि अलाइनमेंटचा आकडा बिघडतो. सकाळी निघताना थंड टायरला हवा चेक करा.

१३. नापास झाली तर

वाद घालू नका आणि लगेच दुसऱ्या एजंटकडे पळू नका. कशात नापास झाली ते लिहून मागा, केंद्रात तर यंत्राचा छापील रिपोर्टच मिळतो. तो कागद मेकॅनिकच्या हातात द्या, नुसतं ‘ब्रेकमध्ये गेली’ असं सांगितलं तर तो चारही चाकं खोलेल, रिपोर्टात ‘मागचं डावं कमी’ असं असेल तर काम एका चाकाचं असतं. दुरुस्ती करून पुन्हा तपासणीची फी आणि स्लॉट घ्यायचा. जुनं सर्टिफिकेट चालू असताना गेलात तर या काळात भाडं मारता येतं, संपल्यावर गेलात तर गाडी उभी करावी लागते, महिनाभर आधी जायचं म्हटलं ते यासाठीच.

पास झाली की सर्टिफिकेट नमुना ३८ मध्ये मिळतं, पोर्टलवरून प्रिंट काढता येते. काढल्याबरोबर पुढची तारीख, गाडी नंबर आणि चेसिस नंबर वाचा, चुकलं असेल तर तेव्हाच सांगा. एक प्रिंट गाडीत, एक घरी, आणि ड्रायव्हर वेगळा असेल तर फोटो त्याच्या मोबाईलमध्ये.

१४. घरची कार किंवा बाईक असेल तर

प्रायव्हेट गाडीला नोंदणी १५ वर्षांची असते, तोवर पासिंग नाही. १५ वर्षं संपायच्या आधीच्या ६० दिवसांत नमुना २५ चा अर्ज करायचा, पर्यावरण कर भरायचा, गाडी तपासणीला न्यायची, पास झाली की ५ वर्षांची मुदत मिळते. उशीर केलात तर बाईकला महिन्याला ३०० आणि बाकीच्या गाड्यांना ५०० रुपये जादा असा नियम आहे. तपासणी वरच्यासारखीच, फक्त परमिट, रिफ्लेक्टर, गव्हर्नर यातलं काही नाही. जुन्या कारमध्ये बहुतेक वेळा पायाखालची फ्लोअर गंजलेली असते, मॅट उचलून बोटाने दाबून बघा, पत्रा आत जात असेल तर आधी पत्र्याचं काम करा. आणि पंधरा वर्षांत गाडीचा रंग बदलला असेल, सीएनजी किट बसवलं असेल, पण आरसीवर चढवलं नसेल, तर ते आधी चढवून घ्या, कारण गाडी कितीही ठणठणीत असली तरी आरसीवर पेट्रोल आणि डिकीत सिलेंडर असेल तर तपासणी तिथंच थांबते.